टाचांची चाहूल

लग्नातल्या जाड टाचांच्या सँडल घालून केतकी थेट स्वयंपाकघरात शिरली.

"अगं, चपला घालून आत? दारातली लक्ष्मी माघारी जाईल!" सासूबाई कडाडल्या.

"आई, पाचच मिनिटं."

तिची दीड वर्षाची लेक मिहिका पाठमोरी बसून डबे रचत होती. जन्मापासून हाक, कुकरची शिट्टी, काहीच तिच्या कानी पडलं नव्हतं. काल डॉक्टरांनी कानामागचं यंत्र सुरू केलं, तरी ती अजून कशालाच वळली नव्हती.

केतकीने श्वास रोखून पावलं टाकली. टक. टक.

मिहिकाचा हात डब्यावरच थांबला. तिने हळूच मान वळवली, त्या टाचांकडे पाहिलं आणि डोळे विस्फारून हसली.

केतकी सँडल काढायला वाकली. सासूबाई डोळे पुसून पदर खोचत होत्या.

"दे त्या इकडे. आता आजी चालून दाखवते."