उभा मका

डोंगराच्या वळणावरून जासिंता खाली उतरली आणि पाठीवरच्या पोरीसकट जागीच थांबली. मका उभा होता. तीन दिवसांमागच्या वाऱ्याने झाडून सगळा आडवा केलेला मका, ओळीत उभा! क्षणभर तिला वाटलं, देव पावला.

बांधावर तिचा सासरा बल्तसार बसला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, तळहातांची सालटं निघालेली, आणि चेहरा मात्र लग्नघरातल्या यजमानासारखा.

"बघ गं पोरी! एकसुद्धा जमिनीवर ठेवला नाही. दोन दिवस, एकट्याने. दाखव असा दुसरा म्हातारा अख्ख्या कोत्साल गावात!"

"हात लावू नका, असं सांगून गेले होते ना, मामंजी?"

"तुला सांगायला काय जातंय? तू पोरीला घेऊन दवाखान्यात. इथे रात्रभर मला या मक्याचं रडणं ऐकू येत होतं. वाटेत एक दाणा सांडलेला दिसला तरी आपण वाकून उचलतो, आणि अख्खं शेत चिखलात लोळत ठेवायचं? माझा बाप थडग्यातून उठून आला असता."

जासिंता ओळीत शिरली. ऊन अजून चढलंही नव्हतं, तरी पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. तिने मक्याच्या एका ताटाला बोट लावलं. ते हलणाऱ्या दातासारखं डुगडुगलं. ओढलं, तर हातातच आलं.

खालच्या पेरातून फुटून मातीत घुसलेली जाड मुळं, ज्यांच्या जिवावर माणसापेक्षा उंच ताट वाऱ्यात तग धरतं, ती बोटबोटभर उरली होती. तिने दुसरं ओढलं. तिसरं ओढलं. म्हाताऱ्याने कामात कसर म्हणून ठेवली नव्हती.

"अगं, अगं! उपटतेस काय?"

"उपटायला राहिलंय काय?" तिचा आवाज फाटला. "पडला होता, पण एका बाजूची मुळं जमीन धरून होती. अजून तुराही आला नव्हता. चार दिवसांत पेरातून वाकून आपला आपण उठला असता. तुम्ही ओढून सरळ केलात आणि उरलेली मुळंही तोडलीत. उचलताना टकटक आवाज नाही आला?"

म्हाताऱ्याने तळहातांवरचा चिखल मांडीला पुसला.

"आला," मग तो म्हणाला. "मला वाटलं, आखडलेली हाडं मोकळी होतायत."

मका नाही म्हणजे पुन्हा खाली, समुद्रकाठच्या उसाच्या मळ्यात मजुरीला. मागच्या खेपेला तिघं गेले होते. तिचा नवरा दिएगो तिथेच तापाने गेला आणि तिथल्याच मातीत राहिला. पोर तेव्हा पोटात होती. आता तिला पाठीवर बांधून न्यावं लागणार, त्याच खोपटात, त्याच डासांत. जासिंताला म्हाताऱ्याचा संताप आला, त्याची कीवही आली, आणि दोन्हींपैकी कशाचाही उपयोग नाही हेही कळलं. ती ओळीतच खाली बसली.

बल्तसार उठला. तिने उपटलेलं एक ताट त्याने उचललं, जुन्याच खळग्यात ठेवलं.

"धर."

"मामंजी..."

"धर म्हणतोय ना."

तिने उठून ते दोन्ही हातांनी धरलं. म्हाताऱ्याने गुडघे टेकून माती लोटली, उठून टाचेने दाबली, भोवती फिरून पुन्हा दाबली. पुन्हा ओंजळीने माती आणली. मग उभा राहून नुसता बघत राहिला.

"सोडू?" जासिंताने विचारलं.

"थांब गं," तो म्हणाला. "एवढ्यात नको."