नवी बॉडी

"बॉडी द्यायची झाली तर संध्याकाळीच आणून देतो, त्याआधी नाही जमणार," प्रितम फोनवर म्हणाला, आणि मांडवातल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

मांडव हळदीचा होता. रंजिता पाटावर बसली होती आणि तिच्यासमोर आंब्याची पानं घेऊन कृष्णाबाई. पनवेलच्या कोळीवाड्यात लग्न निघालं की कृष्णाबाईंशिवाय पान हलत नाही. त्या धवलारीण, लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणाऱ्या. डोळ्यांना आताशा फारसं दिसत नाही, कान मात्र शाबूत.

"कोनाची बॉडी रं?" त्यांनी विचारलं.

प्रितमने जीभ चावली. "कॅमेऱ्याची, आजी. लेन्स काढली की मागे उरतं ना, त्याला बॉडी म्हणतात."

"हलदीच्या मांडवात दुसरा शबुद नाय गावला तुला?"

बायका हसल्या. तरी रंजिताच्या आत्याने तिच्यावरून मीठ ओवाळून टाकलंच.

फोन निनादचा होता. खारघरला त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान. ही नवी बॉडी त्याने एका दिवसापुरती वापरून बघायला दिली होती. ठेवायची की परत करायची, ते प्रितमने आज सांगायचं होतं. आणि प्रितमचं काही ठरत नव्हतं. जुनीने दगा दिला होता, हे खरं. चिरनेरच्या लग्नात ऐन अक्षता पडताना तिचं शटर अडकलं. फोटोग्राफरसाठी कोणी पुन्हा अंतरपाट धरत नाही. आणखी एकदा असं झालं, तर या पट्ट्यातली माणसं त्याला लग्नाला बोलावतील ती फक्त जेवायला.

पण जुनीचा हाताला सराव होता आणि कानाला त्याहून जास्त. फोटो निघाला की खटाक. या नवीला आवाजच नव्हता. बोट दाबावं आणि काही घडलंच नाही असं वाटावं. तिचे फोटो मात्र बघत राहावेत असे येत होते. मांडवातल्या अंधुक उजेडातही रंजिताची पापणी न् पापणी मोजून घ्यावी.

कृष्णाबाईंनी हळदीचं पान रंजिताच्या गालाला टेकवलं आणि गायला सुरुवात केली. प्रितमने बटण दाबलं. फोटो झाला, पण पान काही गालावरून हलेना. गाणं संपलं. त्यांनी तेच पुन्हा धरलं, ते संपल्यावर आणखी एकदा. आवाज थकायला लागला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हळद ओघळून रंजिताच्या गळ्यापर्यंत आली. आपलंच काही चुकलं की काय म्हणून प्रितम कॅमेऱ्याची बटणं चाचपत बसला होता.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कृष्णाबाई खटाकची वाट बघत होत्या. फोटो काढायला आला त्या पहिल्याच हळदीला तो त्यांना म्हणाला होता, "आजी, फोटो निघाल्याशिवाय पान उचलू नका." तो हे बोलून विसरला. त्यांनी आजवर पाळलं. खटाक ऐकू आलं की त्या पान उचलायच्या आणि गाणं जिथे असेल तिथेच सोडायच्या.

प्रितमने जीभ टाळूला लावून आवाज काढला. "टॉक."

पान उचललं गेलं. कृष्णाबाईंनी दम खाल्ला आणि दुसरं पान हळदीत बुडवलं.

ते दुसऱ्या गालाला टेकलं. फोटो लगेच मिळाला. प्रितमने जीभ टाळूला लावलीही, आणि तशीच ठेवली. सूर वर चढत होता. नेहमी जिथे खटाक व्हायचं ती जागा मागे पडली आणि त्यानंतर गाणं असं काही वळलं, की त्याच्या अंगावर काटा आला. शेवटी शेवटी ते इतकं हळू झालं, की नवरीपुरतंच उरलं. एवढ्या हळदी झाल्या, पण हा शेवट त्याने कधी ऐकलाच नव्हता; मघाशी कानावर पडला तोही धांदलीत. म्हातारीच्या त्या गळ्यापुढे त्याला हात जोडावेसे वाटले. पण हातात कॅमेरा होता, म्हणून त्याने बटण दाबलं. रंजिताने डोळे मिटून गाल कृष्णाबाईंच्या तळव्यावर टेकवला होता. फोटो निघाल्याचं तिला ऐकू गेलं नाही. कोणालाच गेलं नाही.

सूर आपणहून थांबला. मग तो म्हणाला, "टॉक."

हळद आटोपली तसा निनादचा पुन्हा फोन आला. "काय ठरलं? आवाजासाठी अडला असशील तर तो मेनूमध्ये आहे. मी सुरू करून देतो."

"नको, तसाच बंद राहू दे," प्रितम म्हणाला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. "ती... वस्तू मी ठेवून घेतोय."

कृष्णाबाई पदराला हात पुसत होत्या.

"नवा हाय का रं ह्यो कॅमेरा?"

"हो आजी."

"शाना हाय," त्या म्हणाल्या. "गानं पुरं होऊ देतो."