चुलीवरचा पेटारा

कागद कुणीतरी उघडले होते. पहिलंच बोचकं हातात घेतलं आणि रुद्रेशला ते कळलं. त्याचे आजोबा कागद लाल कापडात बांधायचे, वर काथ्याची दोरी. इथे फुलाफुलांच्या साडीची चिंधी होती. आत निर्गुडीचा पाला होता, तोही अजून हिरवट.

कुणीतरी कसलं? समोरच बसली होती की, चुलीपाशी, सुपात तांदूळ घेऊन. सुमंगला. पेडण्यातलं हे माडांचं भाट रुद्रेशच्या घराण्याचं, आणि त्या भाटात घर बांधून राहिलेले मुंडकार म्हणजे सुमंगलाचं सासर. भाटकारांचं मोठं घर गळायला लागलं, तेव्हा रुद्रेशच्या वडिलांनी घराण्याच्या पत्रांचा, दस्तऐवजांचा पेटारा हिच्याकडे ठेवायला दिला. हिने तो चुलीवरच्या माळ्यावर चढवला, वालाच्या बियाण्याशेजारी. वडील गेले, पण रुद्रेशला पणजीत बसून ते खुपतच राहिलं. राखणीला ठेवलेल्या कुंपणानेच शेत खाल्लं तर?

त्यातून सुमंगलाने घर आपल्या नावावर करून घ्यायला मामलेदाराकडे अर्ज केलेला. पुरावा काहीच नव्हता. पुढच्या सुनावणीपर्यंत तो मिळाला नाही तर म्हातारीचं घर जाणार होतं. आणि मोपाचा विमानतळ झाल्यापासून भाटाला दिल्लीचं गिऱ्हाईक लागलं होतं, त्याला जागा मोकळी हवी होती. वडिलांनी कबूल केल्याप्रमाणे पेटारा सोमवारी पणजीच्या पुराभिलेखागारात जायचा होता. तिथे कोण काय वाचेल, नेम नाही. म्हणून रुद्रेश आधीच येऊन बसला होता. घराण्याची आठवण म्हणून एकदा चाळतो, असं तिला सांगितलं होतं.

हवं होतं ते सापडलं. आजोबांचंच अक्षर. ही जागा बाबाजीला घरासाठी दिली आहे, त्याला आणि त्याच्या वंशाला कुणी उठवू नये. बाबाजी म्हणजे सुमंगलाचा सासरा. रुद्रेशने मान वर करून पाहिलं. ती खडे वेचत होती. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात सारली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. आता त्याला नवीच धास्ती लागली. हिने हा पाहिला असला तर? फोटो काढून ठेवला असला तर? बाकीचे कागद बघावेत तर एकालाही वाळवी नाही, कसर नाही. नुसता धुराचा वास. परक्याच्या कागदांची एवढी निगा कोण फुकट राखतं? काहीतरी काळंबेरं होतंच.

"सुमंगलाबाय, ही बोचकी कोणी सोडली?"

मीच, म्हणाली ती, मान वर न करता. दसरा झाला की दरवर्षी ती कागद अंगणात चटईवर घालते, वर खडे ठेवते, दिवसभर कोंबड्या हाकत बसते. मग नवा पाला घालून परत बांधते. जाताना सासऱ्याने सांगून ठेवलं होतं, आपल्या घराचा कागद भाटकारांच्या पेटाऱ्यात आहे, पेटारा सांभाळ.

रुद्रेशने हातातलं बोचकं पुन्हा बांधायला घेतलं. मग तुमच्या वकिलाला का नाही दाखवलं, असं त्याने विचारलं. शक्य तेवढ्या सहज.

वकील आलेला, ती म्हणाली. पेटारा उघड म्हणाला. तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसऱ्याच्या घरचे कागद, मालक नसताना परक्याने कसे वाचायचे? नातवालाही तिने हात लावू दिला नव्हता. घर जाईल म्हणून तो चिडला होता, चार दिवस बोलला नाही.

"मग तुमचा तेवढा काढून ठेवायचा होता."

सुमंगला हसली. "माका वाचूक येणा नाय, बाब. आमचो खंयचो, ता कसा कळतला? म्हणान सगळेच सांभाळले."

तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आता तुमी इलात. आमचो तेवढो वाचून दाखवा."