हाराचा मान

या मायबापहो, अंमळ जवळ सरका. अमडापूरची एक गंमत सांगतो.

एकादशीला कीर्तनकार बुवांना हार कोणी घालायचा, यावरून दरसाल रुसवेफुगवे व्हायचे. म्हणून यंदा मंडळाच्या ग्रुपवर ठरलं, फोटोतलं रोप जो आधी ओळखेल त्याचा मान. मोतीरामआबांना त्या हाराची बारा वर्षांची आस. फोटो यायचा त्या सकाळी अंघोळ करून, रोजच्यासारखं डोळे मिटून तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, अन् मोबाईल घेऊन ओट्यावर बसले.

मंडळाच्या कुलदीपनं ग्रुपवर फोटो टाकला. आबांनी लगेच त्याला फोन लावला.

"मिरची हाये बे. पान पाहूनच सांगतो."

"बरोबर आबा, हार तुमचाच."

"पण हाये कोणाच्या घरची? मोठी जपलेली दिसते."

"तुमच्याच वृंदावनातली. काकूनं फोटो देल्ला. तुळस वाळून दोन महिने झाले म्हणे."

आबांनी वळून पाहिलं. काकू, म्हणजे आबांच्या घरधनीण पुष्पाबाई, दारातच उभ्या होत्या.

"तुम्ही डोळे कधी उघडता, याचीच वाट पाहून राह्यले होते मी."

उद्या तुळशीला पाणी घालाल, तेव्हा आमच्या आबांची आठवण असू द्या, मायबापहो.