वीतभर

बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या लेकीला जुन्या पाद्रींनी चर्चच्या कबरस्तानात जागा दिली नाही, म्हणून कबरी खोदणाऱ्या बापाने तिला भिंतीपलीकडे पंधरा हातांवर पुरलं. पावसाने ढासळणारी ती भिंत दरवर्षी तोच रचायचा, अन् दरवर्षी गुपचूप वीतभर पुढे सरकवायचा. एकतिसाव्या वर्षी लेक आत आली. तिची आई त्या दिवशी पोटभर जेवली. मग नवे पाद्री जुना नकाशा घेऊन आले. “भिंत इतकी पुढे कशी?” “पाय फुटले असतील तिला, फादर.” पाद्री हसले नाहीत. “बिशपांनी पवित्र केलेली जमीन नकाशाइतकीच. रविवारच्या आत भिंत मागे घ्या.” शनिवारी शेवटचा दगड बसल्यावर बायको म्हणाली, “पोर पुन्हा बाहेर गेली हो.” त्याने फावडं उचललं. रविवारी भिंत जागेवर होती, आणि पलीकडे लेकीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या माणसाच्या मापाचा एकेक खड्डा.