मोंतेविदेओचा पाहुणा

"आज मंगळवार, म्हणजे चाइरो," दोन्या फिलोमेना म्हणाली. "यानाउआराचा चढ संपला की डावीकडची खानावळ. आमच्या आरेकिपात सूप वार बघून शिजतं, साहेब. वेळेवर जा, नाहीतर वाटीत नुसता वाळवलेला बटाटा येईल आणि मटण शेजारच्याच्या वाटीत."

"आणि तिथून?" गास्तोन एचेवेरीने विचारले.

"तिथून सांता कातालिनाचा मठ. घाईने बघू नका. मग चौकात बसून दालचिनीचं गोठवलेलं दूध खा. आमचा ज्वालामुखी सूर्य मावळताना बघावा, तोवर परतू नका."

एचेवेरीने मान डोलावली, थर्मास काखेत मारला आणि तो बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत तो घरात पाऊल टाकणार नव्हता. फिलोमेनाला नेमके तेच हवे होते.

तिच्या अतिथिगृहाच्या न्याहारीच्या खोलीत एक अवजड शिसवी कपाट होते. त्याच्या मागे, पांढऱ्या दगडाच्या भिंतीत, जमिनीपासून छतापर्यंत भेग गेली होती. फिलोमेनाने आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले होते. भेग जुनी आहे की वाढती, हे नजरेने ठरवता येत नाही, हे तिला माहीत होते. म्हणून तिने भेगेवर प्लास्टरची पातळ पट्टी आडवी लावली होती. भिंत स्थिर असेल तर पट्टी शाबूत राहते. गेल्या महिन्यात ती मधोमध तडकली.

मोसम संपला की दुरुस्ती करायची, असे तिने ठरवले होते. पण त्याआधी नगरपालिकेने सील ठोकले, तर हे अतिथिगृह पुन्हा कधीच उघडणार नव्हते. याच गल्लीतली दोन घरे या वर्षी बंद झाली होती. तिथे नगरपालिकेचा तपासनीस पाहुणा बनून राहिला होता, असे बाजारात बोलले जात होते.

आणि हा एचेवेरी. आपण उरुग्वेतल्या मोंतेविदेओचे, प्रवाशांसाठी मार्गदर्शिका लिहितो, असे तो सांगत होता. कुठे खावे, कुठे राहावे, काय पाहावे.

"ताई, बिचारा जेवतो किती ते बघ," तिची धाकटी बहीण तोमासा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तपासनीस असा खातो होय?"

"सरकारी खर्चाने सगळे असेच खातात."

"आणि तो थर्मास? उरुग्वेचे लोक सदा तो ‘माते’ नावाच्या पानांचा काढा पीतच फिरतात म्हणे."

"म्हणूनच. नाटकात सामान जरा जास्तच झालंय."

संशय वाढत होता. आल्या आल्या त्याने बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली होती. घराचे वय विचारले होते. काल तर कपाटाकडे पाहत म्हणाला होता, "याच्या मागे कमान आहे का हो? उघडी दिसली तर खोलीला शोभा येईल."

"मागे कोळी आहेत," फिलोमेना म्हणाली होती.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा बुधवारी सकाळी, न्याहारीच्या वेळी आला.

आधी चमचे किणकिणले. मग टेबल सरकले. दोन डच मुली खुर्च्या पाडून अंगणात धावल्या. तोमासा तव्यावरची अंडी उलटत राहिली. एचेवेरी उठला नाही. त्याने कपावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पावाला लोणी लावत राहिला.

धक्का ओसरला. कपाटामागे खडी घरंगळल्याचा आवाज झाला. एचेवेरीने सावकाश मान वळवून तिकडे पाहिले.

मोंतेविदेओत जमीन हलत नाही. जन्मात पहिल्यांदा पायाखालची फरशी सरकली, तर माणूस लोणी लावत बसत नाही. असा इथलाच माणूस बसतो.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने स्वतः शोधून काढण्यापेक्षा आपण दाखवलेले बरे. निदान मुदत मागता येईल.

"साहेब, जरा हात लावा," ती म्हणाली. "हे कपाट सरकवायचंय."

दोघांनी ते सरकवले. पट्टीचा अर्धा तुकडा जमिनीवर पडला होता. भेगेत आता बोट गेले असते.

"मोसम संपेपर्यंत सांभाळून घ्या," फिलोमेना म्हणाली. "मग मीच कुलूप लावते आणि भिंत नव्याने बांधते. शब्द देते."

एचेवेरीने भेगेवरून नजर छतापर्यंत नेली.

"या भिंतीच्या वर काय आहे?"

"दोन खोल्या. तुमची नाही. तुम्हाला मी मुद्दाम पलीकडची दिली."

"मग त्या खोल्यांत कोण?"

"त्या डच मुली."

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही."

त्याने जमिनीवरचा तुकडा उचलला आणि टेबलावर ठेवला. "हे मला कशासाठी दाखवलंत, बाई?"

"आता पुरे झालं, साहेब. तुम्ही नगरपालिकेचे. मघाशी धक्का बसला तेव्हा तुम्ही जागचे हलला नाहीत."

"पहिल्याच सकाळी तुम्ही आम्हा सगळ्यांना सांगितलंत ना? धक्का आला की कप धरायचा, पळाला तो परका, त्याला गाव हसतं. पळावंसं मलाही वाटलं. पण हसं नको होतं."

तव्यावर अंडी करपल्याचा वास येऊ लागला. तोमासा दारात येऊन उभी होती.

"‘राहावे कुठे’ हे प्रकरण मी काल रात्री संपादकांकडे धाडलं," एचेवेरी म्हणाला. "आरेकिपात पहिलं नाव तुमच्या घराचं दिलंय. आज दुपारी छपाईला जाणार." त्याने हाताची पांढरी भुकटी झटकली. "फोन कुठे आहे तुमचा?"