शंभरपैकी अठ्ठ्याण्णव

डॉक्टरांचं स्वतःचं चार सीटचं विमान होतं आणि ते उडवायचा वीस वर्षांचा अनुभव. तरी सुरक्षेचे धडे वाचून कॉम्प्युटरवर परीक्षा द्यावीच लागायची. "या वयात मला कोण शिकवणार!" म्हणत त्यांनी ते लचांड कंपाउंडरच्या गळ्यात मारलं. त्याने पेशंट सांभाळत बावीस धडे वाचले आणि डॉक्टरांच्या नावावर शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्क मिळवले.

दवाखान्यात लावलेलं प्रमाणपत्र वाचून पेशंट कौतुक करायचे, तेव्हा डॉक्टर कंपाउंडरची नजर चुकवायचे. शेवटी मन फारच खायला लागलं, म्हणून रविवारी ते त्याला विमानातून फिरवायला घेऊन गेले.

कंपाउंडर विमानाभोवती फिरला, वाकून चाकं पाहिली. "डॉक्टर, पेट्रोलच्या टाकीत पाणी तर नाही ना, ते तपासलंत?"

"अरे, काही होत नाही. चढ."

तो जागचा हलेना.

"वीस वर्षं उडवतोय मी. विश्वास नाही का माझ्यावर?"

कंपाउंडरने मान खाली घातली.



"ते धडे तुम्ही वाचले असते ना डॉक्टर, तर डोळे मिटून बसलो असतो."